पाऊस वेगळा, अंधार वेगळा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखक ४४ वर्षांचे आहेत. ते नाशिकच्या पंचवटीत राहतात आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काम करतात. एक आठवडा पहिली पाळी (सकाळी ७ ते ३) आणि पुढचा आठवडा दुसरी पाळी (दुपारी ३ ते रात्री ११) असे त्यांचे चक्र असते. क्वचित तिसरी पाळीही करावी लागते. रक्तातली साखर सीमारेषेवर आल्याचे कळल्यानंतर गुढीपाडव्यापासून त्यांनी मोटारसायकल घरी ठेवली आणि ते सायकलने कामावर जाऊ लागले. वजन उतरले, झोप लागू लागली. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र घरात वाद सुरू झाला आहे. जुलैमध्ये त्यांच्या खात्यातले एक सहकारी रात्री खड्ड्यात पडून मनगट मोडून बसले, आणि तेव्हापासून पत्रलेखकांची पत्नी दुसऱ्या पाळीच्या रात्री ते येईपर्यंत दारात उभी असते. एकदा भर पावसात सायकलने येऊनही त्यांनी कंपनीच्या बसने आल्याचे सांगितले. ओल्या बुटांमुळे ते उघडकीस आले. फेब्रुवारीपर्यंत सायकल पूर्ण बंद ठेवावी, असे पत्नीचे म्हणणे आहे. एकदा बंद केली की पुन्हा सुरू होणार नाही आणि पावसाला भिऊन सोडले असे सहकारी म्हणतील, ही पत्रलेखकांची भीती आहे. इंटरनेटवर वाचून त्यांनी सामानाची यादी केली आहे, तिचा खर्च सायकलीच्या किमतीपुढे जातो. ते विचारतात की हा त्यांचा हट्ट आहे, की पत्नी उगाच घाबरते आहे?

नमस्कार.

तुमचे आणि तुमच्या पत्नीचे एका बाबतीत पूर्ण एकमत आहे, आणि नेमकी तीच बाब मला तपासून पाहावीशी वाटते. जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ तुम्ही दोघांनीही एकच सलग संकट म्हणून धरला आहे. त्यांना तो पूर्ण टाळायचा आहे आणि तुम्हाला तो पूर्ण निभावून न्यायचा आहे. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत हिवाळा म्हणजे पाऊस, थंडी आणि अंधार हे सारे एकाच वेळी येते, आणि तिथले सायकलस्वार एकमेकांना जो सल्ला देतात तो त्या हवेसाठी असतो. तुमची यादी तिथूनच आलेली दिसते. नाशिकची हवा तशी नाही. इथे पाऊस आणि अंधार यांचे ऋतू बऱ्याच अंशी वेगळे आहेत, आणि ते वेगळे करून पाहिले तर तुमच्या घरातल्या वादाचा बराचसा भाग आपोआप गळून पडतो.

जूनच्या अखेरीस नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासातच्या आसपास मावळतो. म्हणजे पावसाचे महिने तेच मोठ्या दिवसांचे महिने आहेत. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, पण तेव्हा रस्ता सहसा कोरडा असतो. आता तुमच्या चार खेपा पाहा. पहिल्या पाळीहून तीनला सुटून घरी येणे आणि दुसऱ्या पाळीसाठी दोनच्या सुमारास घरून निघणे, या दोन खेपा बारा महिने लख्ख उजेडात होतात. पहिल्या पाळीसाठी सव्वासहाला निघण्याची खेप जूनमध्ये उजेडात असते, ऑगस्टमध्ये ढगाळ सकाळी ती अर्धवट उजेडात जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत अंधारात पण कोरड्या रस्त्यावर होते. राहिली दुसऱ्या पाळीहून रात्री अकरानंतर परतण्याची खेप; ती वर्षभर अंधारात असते आणि पावसाळ्यात ओल्या अंधारात. तुमच्या पत्नी ज्या खेपेच्या वेळी दारात उभ्या राहतात ती हीच. पाळ्या आठवड्याआड बदलत असल्यामुळे पावसाळ्यातल्या तुमच्या एकूण खेपांपैकी ही खेप साधारण चौथा हिस्सा भरते, आणि त्यातही रोज रात्री पाऊस असतोच असे नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे धो धो कोसळत असताना शहरात नुसती रिमझिम असते, हे तुम्ही पाहतच असाल. याला अवकाळी पावसाची जोड मात्र धरून ठेवा. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस निफाड भागात गारपिटीने द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तसा एखादा दिवस हिवाळ्यातही येतो.

नुसत्या पावसाबद्दल आधी लिहितो, कारण ते सोपे आहे. दिवसाउजेडी पडणारा पाऊस हा बहुतांशी गैरसोयीचा प्रश्न आहे, आणि गैरसोय सांभाळता येते. तुमच्या सायकलीला रिम ब्रेक आहेत असे तुम्ही लिहिता. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर पहिले काही फेरे नुसते पाणीच पुसत असते, त्यामुळे सायकल थांबायला कोरड्या दिवसापेक्षा बरेच जास्त अंतर घेते. चौक येण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी आणि मग खरा ब्रेक लावावा. पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट ठेवावे. दीर्घ उघडिपीनंतरची पहिली सर सर्वांत वाईट, कारण रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून पातळ थर तयार होतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणे आणि झाडाखालचा ओला पाला यांवरून जाताना वळू नका आणि ब्रेक दाबू नका. सरळ रेषेत पुढे जा आणि मग वळा. टायरमधली हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवली तर पकड सुधारते. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवून घ्या. तुमच्या यादीतल्या महागड्या जलरोधक पँटपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल, कारण कपडे खराब होतात ते वरच्या पाण्याने कमी आणि चाकाने उडवलेल्या चिखलाने जास्त. पोंचो वापरू नका. वाऱ्यात त्याचा घोळ फुगतो आणि चाकात अडकू शकतो. कमरेपर्यंतचा साधा रेनकोट पुरे आहे. घरी आल्यावर चेन फडक्याने कोरडी करून तेलाचे थोडे थेंब द्या आणि जास्तीचे पुसून टाका. गॅरेजमधले जळके ऑइल वापरले तर त्यात कचरा चिकटून चेन लवकर झिजते.

साचलेल्या पाण्याबद्दल मात्र मी कडक आहे. तळ दिसत नाही त्या पाण्यात चाक घालू नये. खाली खड्डा आहे, उघडे चेंबर आहे की कामासाठी खणलेला चर आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरात ठिकठिकाणी रस्त्यांची कामे निघत असताना तर हा धोका अधिकच आहे. उतरून, सायकल हातात धरून कडेने चालत जाण्यात काही कमीपणा नाही. होळकर पूल, रविवार कारंजा, सीबीएस, त्र्यंबक नाका, तिडके कॉलनी, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक हा तुम्ही लिहिलेला रस्ता चांगला आहे. घाईत असताना सराफ बाजार आणि दहीपुलाकडून जवळची वाट काढण्याचा मोह होईल. जोराच्या पावसात तिकडे पाणी तुंबते, म्हणून ती वाट पावसाळ्यापुरती सोडून द्या. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तेव्हा रामकुंडाच्या परिसरातून किंवा गाडगे महाराज पुलावरून जाण्याचा विचारही करू नका. तसेच सरळ पडतो म्हणून मुंबई-आग्रा महामार्ग धरण्याचा मोह कोणत्याही ऋतूत टाळावा.

आता अंधार. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, आणि तुमच्या यादीत त्याला सर्वांत कमी जागा मिळाली आहे. तुम्ही जलरोधक बूट, पिशव्या आणि पँट यांवर पंधरा ओळी खर्च केल्या आहेत आणि दिव्यासाठी एक. पावसात तुम्ही भिजता हे तुम्हाला कळते, म्हणून त्याची तयारी सुचते. अंधारात तुम्ही इतरांना दिसत नाही हे तुम्हाला सायकलवर बसून कधीच कळत नाही. तुम्हाला समोरचा कंटेनर त्याच्या दिव्यांमुळे दूरवरून दिसतो आणि त्याच्या चालकालाही आपण दिसत असणार असे वाटू लागते. हा समज सायकलस्वाराचा घात करतो. म्हणून पैसे आधी इथे घाला. मागे लाल आणि पुढे पांढरा, चार्ज करता येणारा दिवा हवाच. काही शे रुपयांत तो मिळतो. मागचा दिवा स्थिर ठेवा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरे, पण मागून येणाऱ्या चालकाला अंतराचा अंदाज स्थिर दिव्यामुळे अधिक नीट येतो. दोन दिवे परवडत असतील तर एक स्थिर आणि एक लुकलुकता ठेवावा. पोपटी किंवा नारिंगी रंगाचे जॅकेट दिवसा आणि संधिप्रकाशात उठून दिसते, पण ते रंग सूर्यप्रकाशावर चमकतात. रात्री त्यांचा फारसा उपयोग नाही. रात्री काम करते ती रेडियम पट्टी, जी मागून येणाऱ्या गाडीचा प्रकाश त्याच दिशेला परत फेकते. ती पाठीवर तर लावाच, पण घोट्यांना आणि पॅडललाही लावा. वरखाली हलणारी चमक पाहताच कोणी पाय मारीत चालले आहे हे चालकाला क्षणात ओळखू येते, तर स्थिर ठिपका खांबाचाही असू शकतो.

रेनकोट घातल्यावर पाठीवरची पट्टी झाकली जाते आणि पाठीवरच्या सॅकने जॅकेट झाकले जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सर्वांत बाहेरच्या थरावर पट्टी असली पाहिजे. याची परीक्षा घेण्याचा एक मार्ग सुचवतो: एका रात्री तुम्ही सगळा जामानिमा करून सायकलवर निघा आणि तुमच्या पत्नीला कोणासोबत तरी दुचाकीवर मागून यायला सांगा. किती दूरवरून तुम्ही दिसू लागता हे त्यांनी तुम्हाला सांगावे. ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटते ती गोष्ट त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल, आणि त्यांनी 'दिसत नाही' म्हटले तर पट्टी वाढवण्याचे काम तुमचे.

खड्ड्यांसाठी तुमच्या पाळ्याच तुमच्या मदतीला येतात. रात्री परतताना तुम्ही रस्त्याच्या ज्या बाजूने येता त्याच बाजूने पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी तीनला येता. त्या आठवड्यात खड्डे, रंग उडालेले गतिरोधक आणि बंद पडलेले पथदिवे नीट पाहून ठेवा. हिवाळ्यातल्या काळोख्या सकाळीसाठी हेच काम दुसऱ्या पाळीला जाताना दुपारी दोनला करा. समोरून डोळ्यांवर प्रखर दिवा आला तर त्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा आणि वेग कमी करा. अंबडच्या चौकांत वळणाऱ्या लांब ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नका. चालकाला तिथले काही दिसत नाही, आणि वळताना ट्रेलरची मागची चाके आत ओढली जातात. त्याच्या मागे थांबा, मग तुमचा सिग्नल हुकला तरी हरकत नाही.

थंडीबद्दल फार लिहीत नाही. पारा दहा अंशांच्या खाली गेला की बोटे आधी बधिर होतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो, म्हणून हातमोजे हे हौसेचे सामान समजू नका. हेल्मेटखाली पातळ कानटोपी, आणि स्वेटरवर वारा अडवणारे एक पातळ जाकीट एवढे पुरते. नदीकाठी दाट धुके असेल त्या सकाळी थोडे उशिरा निघण्यापेक्षा बसने जावे, कारण उशिरा निघालेला माणूस घाई करतो.

आता पाऊस आणि अंधार एकत्र येतात त्या खेपेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती खेप सायकलने करू नका. ओल्या काचेतून किंवा हेल्मेटच्या थेंबाळलेल्या व्हायझरमधून पाहणाऱ्या चालकाला ओल्या रस्त्यावर शेकडो दिव्यांची प्रतिबिंबे दिसत असतात आणि त्यांत तुमचा एक दिवा हरवून जातो. त्याच वेळी तुमचे ब्रेक मंद झालेले असतात आणि खड्डे पाण्याने झाकलेले असतात. यांतली प्रत्येक अडचण एकेकटी असेल तर उपाय आहे. तिन्ही एकत्र आल्या की तुमची सावधगिरी पुरी पडत नाही, कारण बाकीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो. रात्री अकराला पाऊस असेल तर सायकल कंपनीच्या स्टँडवर चांगले कुलूप लावून ठेवा, कंपनीच्या बसने घरी या आणि दुसऱ्या दिवशी बसने जा. पहिल्या पाळीच्या वाचकांना आणि कंपनीची बस नसलेल्यांना २०२१ पासून सुरू असलेल्या सिटीलिंकच्या बसचे वेळापत्रक मोबाइलमध्ये ठेवता येईल. हा नियम आजच, कोरड्या दुपारी, ठरवून टाका. गेटवर उभे राहून, थकलेल्या मनाने आणि सहकाऱ्यांच्या देखत ठरवायची ही गोष्ट नाही.

यावर तुमची हरकत मला ऐकू येते: एकदा सोडले की सुटले. तुमची भीती खोटी नाही. सुरू केलेला व्यायाम पावसाळ्यात बंद पडलेली माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण रोज जाण्याची जी शपथ तुम्ही स्वतःवर घातली आहे, ती आरोग्याने मागितलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. तुमची एक खेप चाळीस मिनिटांची आहे, म्हणजे आठवड्याच्या बारा खेपांपैकी चार झाल्या तरी ती मर्यादा ओलांडली जाते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही तिच्या तिप्पट करता. दुसऱ्या पाळीचा एखादा पावसाळी आठवडा जवळजवळ सायकलविना गेला तर बसमधून दोन थांबे आधी उतरून चालावे; शरीराला खंड जाणवणार नाही आणि सवयही टिकेल. ठरवून घेतलेली सुट्टी आणि कंटाळून पडलेला खंड यांत मोठा फरक आहे. परत सुरू करायचा दिवस आधी ठाऊक असतो तोवर सवय मोडत नाही.

सहकारी काय म्हणतील याला मी एरवी फार जागा दिली नसती, पण तुम्ही पत्रात ते दोन वेळा लिहिले आहे, म्हणून सांगतो. याच शहरातले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण करून आले. त्या शर्यतीत रात्री स्पर्धकाच्या मागे दिवे लावलेली मोटार असणे सक्तीचे असते. इतक्या कसलेल्या सायकलस्वारांना जर अंधारात एकटे सोडले जात नाही, तर पावसाळी रात्री बसमध्ये बसण्याने तुमच्या हिमतीवर डाग कसा लागेल?

आता त्या खोटेपणाबद्दल. तुम्ही पत्रात ते लपवले नाही, याचा मला आदर वाटतो, आणि म्हणूनच सरळ लिहितो. 'बसने आलो' असे तुम्ही म्हणालात तेव्हा त्या रात्री सायकलने येणे बरोबर नव्हते हे तुमच्या मनाला ठाऊक होते. बाकीच्या खेपांबद्दल तुम्ही कधी खोटे बोलला नाहीत. तुमच्या पत्नी फेब्रुवारीपर्यंतची पूर्ण बंदी मागत आहेत ती पावसाच्या भीतीपेक्षा याच कारणाने असावी, असे मला वाटते: कोणत्या रात्री तुम्ही सायकलवर आहात हे त्यांना आता खात्रीने कळत नाही, मग प्रत्येक रात्र त्यांना सारखीच धोक्याची वाटते. त्यांच्याजवळ बसून त्या रात्रीबद्दल माफी मागा, वरचा नियम त्यांच्यासमोर मांडा आणि त्यांना तो आणखी कडक करायचा असेल तर करू द्या. मग दुसऱ्या पाळीच्या प्रत्येक रात्री गेटमधून निघण्याआधी एक फोन करा आणि सायकलने निघालात की बसने एवढेच सांगा. काही आठवडे हा फोन चुकला नाही की दारातले उभे राहणे कमी होईल. त्यांनी तरीही नाही म्हटले, तर या वर्षी रात्रीची खेप पूर्ण सोडा आणि उजेडातल्या खेपा चालू ठेवा. तुमच्या साखरेचे त्याने काहीही बिघडणार नाही.

प्रकृतीच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. तिसऱ्या पाळीनंतर सकाळी सायकल चालवू नका. रात्रभर जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंद झालेली असते आणि तो धोका कोणत्याही सरीपेक्षा मोठा आहे. पुढे डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या सुरू केल्याच, तर सकाळी उपाशीपोटी निघावे की नाही हे त्यांना विचारून घ्या. भिजल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. पण आठ तास ओले मोजे पायात राहिले तर चिखल्या होणारच. कंपनीत पोहोचल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, कोरडे मोजे घाला. पायाला जखम असेल तेव्हा साचलेल्या पाण्यात पाय घालू नका.

यासाठी कारखान्यात जागा लागते, आणि ती मागण्यात संकोच करू नका. १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या कलम ४३ मध्ये कामाच्या वेळी न घातलेले कपडे ठेवण्याची आणि ओले कपडे वाळवण्याची सोय करायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता, आणि कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही या सोयीचा उल्लेख आहे. म्हणजे तुमची मागणी विचित्र ठरणार नाही. एक दोरी, काही खुंट्या आणि हवा खेळती असलेला कोपरा एवढे पुरे. तुमच्या कारखान्यात सायकलने येणारे तुम्ही एकटे नसाल; कंत्राटी कामगारांपैकी अनेक जण परवडत नाही म्हणून वर्षभर, दिव्याशिवाय, याच रस्त्याने येत असतील. त्यांना बरोबर घ्या. अर्ज एकट्याच्या नावाने न देता सगळ्यांच्या सह्यांनी द्या, आणि त्यात सायकल स्टँडवर छप्पर असावे, तिथला दिवा दुसरी पाळी सुटेपर्यंत चालू राहावा आणि सायकलने येणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने रेडियमचे जॅकेट द्यावे, या तीन मागण्या आधी लिहा.